राजाच्या गाण्यातली जमनीची ओळ

बायबलबाईला सगळ्यात आधी काय लागतं असं कुणी मला विचारलं, तर मी 'विश्वास' म्हणणार नाही, 'छत्री' म्हणेन. विश्वास मिशनच्या शाळेत मिळतो; निदान मिळाला असं धरून पुढे पाठवतात. छत्री मात्र आपली आपणच सांभाळायची. उन्हात ती डोक्यावर, नाल्यात काठीसारखी हातात, गल्लीत कुत्र्यांच्या तोंडावर, आणि एखाद्या घराच्या ओट्यावर पुरुषमंडळी पसरलेली असली की ती आड धरून सरळ माजघरात. माझ्या नोकरीत कितीतरी छत्र्या झाल्या, पण पावसाने गेलेली त्यांत एकही नाही.

हल्ली मिशनच्या मुली नर्स होतात, मास्तरणी होतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्यामुळे बायबलबाई म्हणजे काय हे नाताळच्या अंकाच्या वाचकांनाही समजावून सांगायची पाळी आली आहे. पाळकसाहेब चावडीवर बोलत, बाजारात बोलत. घरातल्या बायकांपर्यंत त्यांना कोण जाऊ देणार? तिथे आम्ही जायचं. दोघीदोघींनी जायचं, एक जुनी आणि एक नवी. खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र, पाटी आणि चित्रांची गुंडाळी. आधी गायचं, मग चित्र उघडायचं, मग गोष्ट सांगायची, आणि कुणाला अक्षरं हवी असली तर शेवटी पाटी काढायची. सांगितल्याशिवाय खाटेवर बसायचं नाही. पाणी दिलं तर ते कुठल्या भांड्यात दिलं ते बघायचं नाही. आणि पाळण्यातलं मूल कितीही गोड असलं तरी त्याचं कौतुक करायचं नाही, कारण उद्या त्याला ताप आला तर तो आपल्या नावावर लागतो.

हा शेवटचा नियम माझ्या जोडीदारीण ताराबाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवला. ताराबाई माझ्याहून वयाने पुष्कळ मोठ्या, अंगाने काडी, आणि बोलणं मोजकं. मी बोलायला जास्त आणि तापटही. मिशनने आमची जोडी लावली तेव्हा बैल जोडणाऱ्या एखाद्या जाणत्याचा सल्ला घेतला असावा, असं मला नेहमी वाटतं.

मी संवत छप्पनच्या दुष्काळातलं पोर. आईबाप कोण, जात कोणती, काही ठाऊक नाही. कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणलं आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. घरोघर पहिला प्रश्न ठरलेला असे, "तुन्ही जात काय वं बाई?" मी सांगे, "दुष्काळाने खाल्ली." बायका हसत, आणि हसल्या की मग आत घेत. त्या दुष्काळाने मला एवढी एक कामाची गोष्ट दिली.

मिशनच्या मडमबाईंचा हुकूम असा की आधी येशूच्या गोष्टी सांगाव्यात. मी सांगत असे. पण माझा जीव स्तोत्रांत होता, आणि स्तोत्रांतही राजाच्या स्तोत्रांत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. स्तोत्रांच्या पुस्तकात एक राजा मधूनमधून येतो. देव स्वतः त्याला गादीवर बसवतो. तो तोंड बघून न्याय करत नाही. गरीब, विधवा, ज्यांची बाजू घ्यायला कुणी नाही अशी माणसं त्याची खास रयत. जुलूम करणाऱ्याची तो खोड मोडतो, आणि कापलेल्या गवतावर पाणी पडावं तसा तो हळूच येतो, दवंडी नाही की चाबूक नाही. त्याच्या राज्यात चंद्र आहे तोवर शांती. दावीदाला हा राजा लांबून दिसला, आणि तोच आमचा मसीहा, असं आम्ही मानतो. बहात्तरावं स्तोत्र सगळं त्याच्यावरच आहे.

आता आमच्या मुलखात राजांना काय तोटा! वर सातपुड्यात संस्थानिक, खाली इंग्रज सरकार, मधे मामलेदार, आणि रानात गेलं तर गार्ड हाच बादशहा. त्यामुळे राजा म्हटलं की बाया कान टवकारत. आणि गाणं संपलं की कुणी ना कुणी विचारायचंच, हा राजा कोणता, आणि आहे कुठे?

नंदुरबारात मणियार गल्लीत अमीनाखाला म्हणून एक म्हातारी होती. मुलाचा बांगड्यांचा धंदा, आणि हिचे डोळे गेलेले. मी येशूची गोष्ट काढली की ती हात हलवी. "वो रहने दे, बेटी. जबूर सुना." तिच्या लेखी स्तोत्रं म्हणजे हजरत दाऊदचं जबूर, आणि ते ऐकायला तिला कुणाची हरकत वाटत नसे. मी बहात्तरावं म्हणे आणि ती भिंतीला टेकून डोलत राही. संपलं की म्हणे, "ऐसा बादशाह मिले, तो मुझे दो बातें उसके कान में डालनी हैं."

"कौनसी बातें, खाला?"

"बादशाह को बताऊँगी. तुझे क्यूँ?"

सून आतून हसायची. दर वेळी मी विचारी आणि दर वेळी हेच उत्तर. खाला गेली तेव्हा मला त्या दोन गोष्टींची चुटपुट लागली, आणि ती अजून आहे.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तर वेगळीच तऱ्हा. तिथे मिशनचा तंबू लागे आणि आम्ही बायकांच्या बाजूला बसून गात असू. एकदा एक घोड्यांचा व्यापारी मुंडासं सावरत पुढे आला आणि म्हणाला, "राजा शे ना तुमना? मंग त्यानं घोडं कोनतं शे?" स्तोत्रांत तो राजा सत्यासाठी आणि नम्रतेसाठी स्वारी करतो असं आहे, ते मी त्याला रंगवून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मी घोडानी जात पुसी ऱ्हायनू, आनि तू राजानी सांगी ऱ्हायनी." ताराबाई त्या दिवशी जेवताना आपल्याशीच हसत होत्या. मी मात्र रागावले होते, कारण त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती शहाद्याच्या वाटेवरच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. गावात पाटील आणि शेतकरी, आणि गावाबाहेर ओढ्याच्या काठी भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती. बाप्ये आणि बाया दोघंही गावच्या शेतांवर मजुरीला. घरात ते आपली भिली बोलत, माझ्याशी बाजारातली अहिराणी. आमचा तिथला दिवस गुरुवार.

भिलाटीतल्या बायांना गाण्याचं वेड. अक्षरांचं नाव काढलं की त्यांना घरचं काम आठवे, पण गाणं म्हटलं की हातातलं टाकून येत. बहात्तरावं स्तोत्र मी सोप्या अहिराणीत जुळवलं आणि त्यांच्याच लग्नातल्या चालीवर बसवलं. मडमबाईंना हे पसंत नव्हतं. शास्त्राचे शब्द असे शेतात नेऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बाई, शास्त्र मुळात मेंढपाळाने गायलेलं आहे. त्यांनी माझ्याकडे बघायचं तसं बघितलं, पण पुढे अडवलं नाही.

आता अडचण अशी की आख्खं स्तोत्र कुणाच्याच लक्षात राहीना. मग मी ते वाटून टाकलं. एकेकीला एकेक ओळ. पहिली ओळ भुरीची, ही वस्तीच्या कारभाऱ्याची, बुधाची बायको. वयाने आणि मानाने पहिली. "राजा येस, न्याय लई येस." मग दुसरी, मग तिसरी, असं करत ओळ हातोहात पुढे जाई, विहिरीवरून घागरी पोचवाव्यात तशी. निंदणी करताना, जात्यावर, पाणवठ्यावर जाताना त्या ती गात. गावातल्या शेतकऱ्यांच्या बायाही थांबून ऐकत. माझ्या पगारी कामात मला ज्याचा गर्व आहे असं हे एक.

मधली एक ओळ जमनीची होती. जमनी वस्तीची सुईण. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही, झोपडी वस्तीच्या अगदी टोकाला. आवाज जाड, खर्जातला, विडीने भाजलेला. चाल कधी नीट धरली नाही तिने. पण तोंड म्हणजे पट्टा. कारभाऱ्यालाही म्हणे, "आख्खी भिलाटी मी उजेडमा खेची लयेल शे, तुन्हा दोन्ही पोरं बी. मन्हासंगे जपी बोल." तिला मी मुद्दाम तिच्यासाठीची ओळ दिली होती.

"जेले कोनी नही, तेले तो शे."

तिच्या पाठोपाठची ओळ राधीची. राधी कोवळी पोर, नुकतीच लग्न होऊन आलेली. "तेनं रगत त्यानी नजरमा मोलनं शे." गरिबाचं रक्त राजाच्या नजरेत मोलाचं, असं ते.

एकदा त्यांच्यातली सकरी नावाची बाई नवऱ्याबरोबर गुजरातेत मजुरीला गेली. गाणं तिच्या ओळीपाशी आलं आणि थांबलं. बायांनी त्या जागी नुसत्या टाळ्या वाजवल्या आणि पुढची ओळ उचलली. मला ते भोक ऐकवेना. मी शेजारच्या बाईला म्हटलं, तू म्हण ना सकरीची ओळ. तशी भुरी माझ्यावर खवळलीच.

"काय सांगी ऱ्हायनी, बाई? सकरी जित्ती शे!"

मग तिने मला समजावलं. त्यांच्या लग्नाच्या गाण्यांतही अशाच वाटलेल्या ओळी असतात. सासूची ओळ सुनेला मिळते, पण सासूला माती दिल्यावर. जिवंत बाईची ओळ दुसरीने घेतली तर ती बाई मेली असं धरतात. म्हणून कुणी गावाला गेली, बाळंत झाली, आजारी पडली, तर तिच्या जागी टाळी. "ती आठे नही, पन ती शे," भुरी म्हणाली. मी ओळी वाटल्या होत्या लक्षात राहाव्यात म्हणून. त्यांनी त्यात आपला कायदा घातला, आणि माझं स्तोत्र त्यांचं झालं. मला ते फार आवडलं. पुढे हा कायदा केवढ्यावर येणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक!

राधीला पहिला मुलगा झाला. जमनीनेच सोडवलं. पोर काही दिवसांचं होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर गेलं. अशी पोरं तेव्हा घरोघर जात. पण राधीच्या सासऱ्याने भगताला बोलावलं, भगताने सुपात दाणे टाकले, आणि दाण्यांत जमनी निघाली. डाकीण.

हा शब्द शहरातल्या वाचकांना गमतीचा वाटेल. आम्हाला नव्हता वाटत. पलीकडच्या गावात अशीच एक बाई ठरली होती आणि ती पुढे तापीच्या पात्रात मिळाली. पोलीसपाटलाने पाय घसरल्याचं सांगितलं. जमनीच्या बाबतीत पंचांनी दया केली असं ते समजत होते. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत. आखाजी झाली की तिने वस्तीत दिसायचं नाही. दिसली तर मग पंच जबाबदार नाहीत.

मी हे ऐकलं ते आमच्या गुरुवारी गेल्यावर. आखाजी तोंडावर आली होती, झाडांना झोके बांधले होते. मला पाहून एकीनेही हातातलं टाकलं नाही, आणि जमनी बाभळीच्या काट्यांच्या कुंपणापलीकडे आपल्या झोपडीच्या दारात एकटी बसली होती. मी सरळ तिच्याकडे गेले. ताराबाई मागे आल्या. जमनी तूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बाई, तुन्हा तो राजा फिर्याद कोठे लेस? मन्ही शे."

घोडेवाल्याला उत्तर नव्हतं तेव्हा राग आला होता; इथे रागही येईना.

मी पोलीसपाटलाकडे गेले. त्याने मला बसायला घोंगडी दिली, चहा विचारला आणि म्हणाला, "बाई, हे भिल्लांचं आपसातलं. तुम्ही गाणी म्हणता, तेवढंच म्हणा." मिशनचे मोठे साहेब आणि मडमबाई उन्हाळ्यामुळे थंड हवेला गेलेले. मामलेदारापर्यंत जायला मला कोण दार उघडणार? शेवटी मी जमनीला म्हटलं, माझ्याबरोबर नंदुरबारला चल, मिशनमध्ये राहा. तिने सुपातला खडा वेचून फेकला.

"मी गयी, ते मी डाकीनच ठरसू. जी डाकीन नही, ती आठेच ऱ्हास."

परत जाताना मी सगळा रस्ता ताराबाईंवर चिडचिड केली.

पुढचा गुरुवार आला. आम्ही गेलो तर बुधा कारभाऱ्याच्या अंगणात लिंबाखाली गोधडी अंथरून ठेवलेली, आणि पलीकडे बाप्ये बसलेले. एरवी आमच्या गाण्याला बाप्ये फिरकत नसत. भुरी पुढे आली. माझ्या नजरेला नजर न देता म्हणाली, "बाई, आज ओळ देवानी शे."

"कुणाची ओळ?"

"जमनीनी. राधीले देवानी. राधीनं पोर गयं, तिना हक्क शे."

मला सगळं लख्ख कळलं. बायांनी ओळ दुसरीला दिली की जमनी मेलीच. मग आखाजीनंतर तिला कुणी हाकललं, मारलं, नदीत लोटलं, तर मेलेल्या बाईचं काय जातं? पंचांना बायांकडून एवढंच हवं होतं. आणि त्यासाठी त्यांनी माझं गाणं निवडलं होतं, न्यायी राजाचं!

मी तापले. मोठ्याने म्हणाले, "मी नाही गाणार. हे गाणं यासाठी नाही." पिशवी उचलली. ताराबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला, तोही चांगला. हळूच म्हणाल्या, "बस खाली. तू गेलीस तर त्या तुझ्यावाचून गातील. चाल ठाऊक आहे त्यांना." मी बसले. पण माझ्याने सुरुवातीचा सूर देववेना. पहिली ओळ भुरीने आपणच उचलली.

राजा येस, न्याय लई येस. आवाज नेहमीसारखा नव्हता; सासरी मुलगी घालवताना गातात तसा होता. ओळ पुढे गेली. कापलेल्या गवतावरचं पाणी आलं, डोंगरांनी लोकांना शांती आणावी ते आलं. एकेक बाई आपली ओळ म्हणे आणि मान खाली घाली. मी राधीकडे बघत होते. ती माझ्या समोरच होती. पोर जाऊन महिना होत आला तरी तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग होते. ते मला बघवत नव्हते आणि नजरही हलत नव्हती.

जमनीची जागा आली.

सगळ्या राधीकडे वळल्या. बाप्यांतून तिचा सासरा खाकरला. राधीने तोंड उघडलं. तिचे ओठ हलले ते मी पाहिले, आवाज बाहेर आला नाही. तिने एकदा भुरीकडे पाहिलं, एकदा आपल्या मांडीकडे, जिथे पोर असायला हवं होतं. त्या क्षणी तिने ती ओळ म्हटली असती तर मी तिला दोष देऊ शकले नसते, हे मी आजही सांगते. तिचं दुःख खरं होतं. पोराच्या जाण्याला कुणीतरी जबाबदार आहे असं म्हणायला मिळणं, हाही एक आधारच असतो.

राधीने हात उचलले आणि टाळी वाजवली.

एक. मग आणखी एक. कुणी काही समजायच्या आत गुजरातेतून परतलेल्या सकरीने वाजवली. मग तिच्या शेजारणीने. मग भुरीने, नवऱ्याच्या देखत, बांगड्या खणखणवत. ती आठे नही, पन ती शे. सगळं अंगण टाळ्यांनी भरलं. एरवी इतका वेळ त्या टाळ्या वाजवत नसत. एका ओळीपुरत्या वाजवत आणि पुढे जात. त्या थांबेचनात.

आणि अंगणाच्या कुंपणापलीकडून तो जाडाभरडा, चाल चुकलेला आवाज आला.

"जेले कोनी नही, तेले तो शे."

टाळ्या बंद झाल्या. पुढची ओळ राधीची. तिने ती म्हटली, रडत म्हटली, अर्धी गिळली, पण म्हटली. गरिबाचं रक्त राजाच्या नजरेत मोलाचं. पुढच्या बाईने तिच्या तोंडून ओळ घेतली आणि स्तोत्र शेवटपर्यंत गेलं, चंद्र आहे तोवरच्या शांतीपर्यंत. मी एक अक्षरही गायले नव्हते. मी ओक्साबोक्शी रडत होते, आणि ताराबाई, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नाही, त्या आपली छत्री उगाचच उघडून मिटत होत्या.

बुधा कारभारी उठला, धोतराची धूळ झटकली आणि निघून गेला. बाकीचे बाप्ये त्याच्यामागे.

आखाजी आली आणि गेली. जमनी तिथेच राहिली. तिला कुणी हात लावला नाही.

पण इथे गोष्ट संपवली तर ती खोटी होईल. कुणी जमनीची माफी मागितली नाही. भगत आपले दाणे टाकतच राहिला. ती गाण्याला येऊन बसे, तिची ओळ म्हणे, पण तिच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा मोकळी राही. बाळंतपणाला मात्र तिला कुणी बोलवेना. गावातल्या दुसऱ्या सुईणीला बोलवत. तोंडाचा पट्टा होता, तो बंद झाला. मी तिला हसवायचा प्रयत्न करी, तर ती म्हणे, "ऱ्हाऊ दे, बाई." त्या पलीकडच्या गावातल्या बाईसाठी तर कुणी टाळीही वाजवली नव्हती. तिथे आम्ही जातच नव्हतो. आमच्या वाटेवर ते गाव नव्हतं. ताराबाई म्हाताऱ्या झाल्यावर कधीकधी हे काढत.

पुढच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत एका गुरुवारी आम्ही भिलाटीत शिरलो तर राधीच्या झोपडीपुढे गर्दी. राधी अडली होती. गावची सुईण दारात हात पुसत सांगत होती, पोर आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही. आतून राधीचा आवाज आला, आणि तो मी विसरणार नाही. "जमनीले बलावा! मरू कारे मी? जमनीले बलावा!"

तिचा नवरा पळत जमनीच्या दाराशी गेला. मीही गेले. जमनी दारात उभी होती.

"तू जाय," ती त्याला म्हणाली. "बुधाले धाड."

मी म्हटलं, "जमनी, ती मरेल गं!" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बुधा कारभारी आला. पावसाची बुरबुर होती. त्याने मुंडासं काढून हातात घेतलं. वय झालेला माणूस, डोक्यावरचे विरळ केस भिजत होते. "जमनी, चाल," तो म्हणाला.

"कोनले बलावी ऱ्हायना? डाकीनले का सुईनले?"

बुधाने खाली पाहिलं. मागे भुरी उभी होती, सकरी होती, राधीचा सासराही होता. "सुईनले," तो म्हणाला.

"जोरमा सांग. मन्हा कानले कमी ऐकाले येस."

"सुईनले!" बुधा ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला.

जमनीने रांजणातलं पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि निघाली. राधीच्या दाराशी ती आत वाकली तेव्हा मला दिसलं, विळा, दोरा आणि जुनं धुवट लुगडं तिच्या कमरेला आधीच बांधलेलं होतं.

दुपार कलल्यावर पोर रडलं. मुलगी होती. पोर जगलं आणि राधीही जगली. बायांनी अंगणात गायला सुरुवात केली, आणि जमनी बाहेर येऊन हात धूत बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या दोन्ही बाजूंना आता जागा मोकळी नव्हती. एकीकडे मी, दुसरीकडे भुरी.

भुरी उठून आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "जमनी, बुधा आलाच नसता तर?"

तिने विडी पेटवली. एक झुरका घेतला.

"नही येता तरी मी जातीच, बाई. पोरगी वरडी ऱ्हायनी व्हती ना." मग बुधाच्या घराकडे बघून म्हणाली, "पन हाई त्याले कसाले सांगानं?"